ओळ भरायला दोन शब्द

वर्तमानपत्राच्या कचेरीत तारीखकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. ते नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. पहिल्या पानाच्या डाव्या कोपऱ्यात रोज 'आजच्या दिवशी' नावाची चौकट यायची. पाच घटना, प्रत्येकीला बरोबर दोन ओळी. कुठे राजाचं डोकं उडालेलं असायचं, कुठे तह झालेला, कुठे कुणी पहिल्यांदा समुद्र पोहून गेलेलं. पाचवी घटना मात्र नेहमी गावातली. ही चौकट काका तीस वर्षं एकहाती भरत आले होते आणि पोटच्या पोरासारखा तिच्यावर त्यांचा जीव होता. पोटची पोरंही त्यांना दोन होती, पण ती फोन करायची ते आईला.

टेबलामागे लाकडी कपाट होतं, तीनशे सहासष्ट खणांचं. एका तारखेचा एक खण, खणात कार्डं, कार्डावर घटना, आणि कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात ती कुठून घेतली त्या पुस्तकाचं किंवा अंकाचं नाव. कपाटाला कुलूप आणि किल्ली काकांच्या पट्ट्याला. कचेरीतली पोरंपोरी त्यांची गंमत करायची. "काका, माझं लग्न झालं त्या दिवशी काय झालं होतं हो?" काका तारीख विचारायचे आणि पापणीही न हलवता सांगायचे, "ज्वालामुखी. अकरा हजार मेले." मग सगळी कचेरी खो खो हसायची आणि सगळ्यांत शेवटी काकाही हळूच हसून घ्यायचे.

या महिन्याअखेर काका निवृत्त होणार होते. येत्या शनिवारी सत्कार होता, चौकटींचं पुस्तकही निघायचं होतं, आणि निमंत्रणपत्रिकेवर मालकांनी स्वतः एक वाक्य घातलं होतं : 'तीस वर्षांत एकही चूकदुरुस्ती नाही.' वाक्य अगदी खरं होतं. चुका झाल्या नाहीत असं त्यात कुठे म्हटलं होतं? चूकदुरुस्ती छापली गेली नव्हती, एवढंच. काकांनी ती पत्रिका टेबलाच्या काचेखाली सरकवली होती आणि दिवसातून चारदा ते वरची काच रुमालाने पुसत होते.

सोमवारी दुपारी एक बाई आली. चाळिशीची, अंगाने किरकोळ, बोटांच्या टोकांना पांढरट भुकटी लागलेली. काका त्या बोटांकडे बघताहेत हे पाहून ती म्हणाली, "चष्म्याच्या दुकानात असते मी. काचा घासते. पण त्यासाठी नाही आले. मी त्या लाँचवाल्याची मुलगी."

लाँच म्हटल्याबरोबर काकांना तारीख आठवली. माणसं त्यांना तारखेनंतर आठवायची, तीही आठवली तर. सतरा नोव्हेंबर. एकतीस वर्षांपूर्वी नदी ओलांडणारी प्रवासी लाँच भर पाण्यात बुडाली, एक्केचाळीस माणसं गेली. आणि मग त्यांना पत्रंही आठवली. दर ऑक्टोबरात एका बाईचं पत्र यायचं, तेच टपोरं अक्षर. फोडली त्या पत्रांत शब्दही तेच : 'माझ्या नवऱ्याविषयीचे दोन शब्द यंदा तरी कृपया काढावेत.' पहिल्या दोनतीन पत्रांना काकांनी उत्तर दिलं होतं, 'आम्ही आधी छापलेलंच छापतो.' पुढची पत्रं न फोडता खणात.

"आईची पत्रं मिळतात ना तुम्हाला?" मुलीने विचारलं.

"मिळतात तर. अक्षर फार सुरेख आहे हो तुमच्या आईंचं."

"दर सतरा तारखेला ती सगळ्यांच्या आधी उठून पेपर घेते. ते दोन शब्द शाईने खोडते आणि मगच पेपर घरात येऊ देते. तसे तीस पेपर आहेत आमच्या घरी." मुलगी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. "काका, यंदा धक्क्यावर दगड बसतोय. बुडालेल्यांच्या नावांचा. बसायचा होता तिसाव्या वर्षी, पण समितीचं काम, एकतिसाव्या वर्षी होतंय. चाळीस नावं कोरून झाली. खाली एक ओळ मोकळी ठेवलीय. बाबांचं नाव घालायचं की नाही ते ठरत नाही."

"का बरं?"

"समितीचे सचिव म्हणाले, ज्याच्यामुळे माणसं गेली त्याचं नाव त्यांच्याच खाली कसं कोरायचं? मी म्हटलं, कशावरून बाबांमुळे? तर त्यांनी तुमची चौकट पुढे केली. तीस वर्षांची कात्रणं होती त्यांच्याकडे, नीट चिकटवलेली. म्हणाले, तुमच्याच पेपरने लिहून दिलं की तसं नव्हतं, तर लगेच कोरतो. शुक्रवारपर्यंत थांबतो म्हणाले."

काकांनी किल्ली लावली, खण ओढला, आणि कार्ड न काढता वरूनच वाचलं. ते त्यांना पाठच होतं : 'नदी ओलांडणारी प्रवासी लाँच चालकाच्या हलगर्जीपणामुळे बुडून एक्केचाळीस जणांचा मृत्यू.'

"कार्डावर आहे तेच छापतो आम्ही, ताई."

"आणि कार्डावर कुठून आलं?"

"आमच्याच अंकातून. दुसऱ्या दिवशीच्या. हे बघा, कोपऱ्यात लिहिलंय."

"मग तो अंक मला बघायचाय. वाचनालयाने जुने अंक कधीच रद्दीत घातले. तुमच्याकडे तेवढा असेल."

काकांना काहीच अडचण नव्हती. त्यांचा स्वतःच्या कार्डांवर इतका विश्वास होता की त्यांना या बाईची कीवच आली. "बुधवारी या. मी स्वतः काढून ठेवतो," ते म्हणाले. "पण ताई, मनाची तयारी करून या." हे ते फार मायेने म्हणाले आणि आपण मायेने म्हणालो हे त्यांच्या लक्षातही राहिलं.

जाता जाता ती दारात थांबली. "तुमच्या चष्म्याचा नंबर बदललाय काका. मान मागे नेऊन वाचताय."

जुने अंक तळघरात होते. तीन तीन महिन्यांचे जाडजूड खंड, कापडी पुठ्ठ्यांचे, लोखंडी घोड्यांवर रचलेले. काकांनी तो खंड खाली उतरवला, टेबलावर आपटला, धुरळ्याने दोनदा शिंकले आणि अठरा नोव्हेंबरचं पान उघडलं. मोठा मथळा, नदीचं काळपट छायाचित्र, मृतांची यादी. चालकाचं नाव यादीत तिसरं होतं. बातमीच्या शेवटी एक वाक्य होतं : 'अपघाताचे कारण समजू शकलेले नाही.'

काकांनी बातमी पुन्हा वाचली. मग बोट ठेवून एकेक ओळ वाचली. हलगर्जीपणा हा शब्द कुठेच नव्हता. तिसऱ्या पानावर, लाँचमधून जिवंत वाचलेल्या एका माणसाचं म्हणणं होतं. बाहेरगावचा फिरता विक्रेता, साबण विकणारा. तो म्हणाला होता : 'चालकाने हाताने काच फोडली. मला आणि आणखी सहा जणांना त्यातून बाहेर ढकलले. मी ओरडलो, आता तूही ये. तो म्हणाला, आत अजून एक बाई आहे. त्यानंतर तो दिसला नाही.'

काका उभे होते ते खाली बसले. मग त्यांनी पुढची पानं उलटली, एकेक दिवस, पार डिसेंबरपर्यंत. पाचव्या पानावर, जाहिरातींच्या मध्ये, चौकशीची चार ओळींची बातमी सापडली. लाँचच्या तळाचा पत्रा गंजून गेला होता. चालकाने तसं कंपनीला दोनदा लेखी कळवलं होतं. लोकांनी हे वाचलंही असेल आणि विसरूनही गेले असतील. चार ओळी एकदाच आल्या होत्या. काकांची चौकट दर वर्षी येत होती.

वर येऊन त्यांनी कार्ड बाहेर काढलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच ते त्यांनी नीट पाहिलं. अक्षर त्यांचंच, तरुणपणातलं, उजवीकडे झुकलेलं. वाक्य निळ्या शाईत होतं. 'चालकाच्या हलगर्जीपणामुळे' हे दोन शब्द तेवढे वरच्या बाजूला, खुणेची रेघ मारून, हिरव्या शाईत. हिरवी शाई छापखान्यातल्या टेबलावर असायची.

आणि मग सगळं आठवलं. ते पहिलंच वर्ष होतं. तेव्हा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पान लागायचं. त्या वेळच्या संपादकांना चौकटीत अर्धी रिकामी ओळ दिसली की ते पान फेकून द्यायचे. जुळारी आतून ओरडला होता, "साहेब, तुमच्या पाचव्या घटनेची ओळ अर्धीच लोंबतेय! दोन शब्द द्या लवकर!" काकांचा चहा टेबलावर निवत होता. 'भीषण' चौथ्या घटनेत वापरून झालं होतं, 'दुर्दैवी' तिसऱ्या. त्यांनी हिरवं पेन उचललं आणि हाताला आलं ते लिहिलं. ओळ काठोकाठ भरली. जुळारी म्हणाला, "वा!" आणि काका चहा प्यायला गेले.

तो जुळारी वारून कितीतरी वर्षं झाली होती. खिळेही भंगारात गेले. आता कॉम्प्युटर ओळी आपोआप भरून देत होता, गरज संपून वीस वर्षं झाली होती, पण ते दोन शब्द कुणी काढले नव्हते.

त्या दिवशी जेवताना काकांनी बायकोला सांगितलं. त्यांना सांगायचं नव्हतं, पण ताटातलं तसंच पडून होतं आणि तिने कारण विचारलं. सगळं ऐकून तिने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मग चूक झाली म्हणा की. चार ओळी छापा. कोण तुम्हाला फाशी देतंय?"

"शनिवारी सत्कार आहे."

"तो होईलच. पुढच्या आठवड्यात छापा."

"पत्रिकेवर काय लिहिलंय वाचलंस ना? पुस्तक छापून तयार आहे. त्यातही ती ओळ आहे. लोक म्हणतील, एक चुकीची निघाली, बाकीच्या कशावरून बरोबर? दहा हजार चौकटी, अगं. सगळं आयुष्य!"

"आणि त्या बाईचं?"

बायकोने ताटं उचलली. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "माझा वाढदिवस लक्षात ठेवायला तुम्हाला कुठल्याशा तहाचा आधार लागतो, तरी मी काही बोलले नाही कधी. पण हे मला पटत नाही." काकांनी रेडिओ मोठा केला.

मंगळवारी सकाळी कचेरीत कुणी यायच्या आत ते तळघरात उतरले. पान फाडणं त्यांना जमलं नसतं. कागद फाडणारा माणूस त्यांच्या लेखी दरोडेखोर होता. त्यांनी फक्त खंड उचलला आणि पार दुसऱ्या टोकाला, पन्नास वर्षांपूर्वीच्या अंकांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. त्या खोलीत चुकीच्या जागी ठेवलेली वस्तू पुन्हा सापडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! हात झटकत वर आले तेव्हा आपण काही नष्ट केलेलं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

बुधवारी ती वेळेवर आली. पिशवीतून तिने काचांची पेटी आणि बारीक अक्षरांचा तक्ता काढला. "आधी तुमचं काम," ती हसून म्हणाली. "वाचा बरं. ही काच बरी की ही?" काकांनी वाचलं. तिने नंबर कागदावर टिपून घेतला, पेटी मिटली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "आता सांगा."

"तो खंड बांधणीला गेलाय, ताई. पानं सुटली होती. पण जाण्यापूर्वी मी स्वतः वाचला."

"काय लिहिलंय?"

"तेच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. नुसतं 'तेच' तिला पुरलेलं नव्हतं, आणि समोरची शांतता काकांना अर्ध्या रिकाम्या ओळीसारखी सलू लागली. काहीतरी घालायला हवं होतं.

"वाचलेल्यांत एक जण होता," ते म्हणाले. "साबण विकणारा. त्याने पाहिलं. चालकाने काच फोडली आणि आधी स्वतः बाहेर पडला."

"आधी स्वतः?"

"तसं छापलंय."

"आत कुणी होतं?"

"एक बाई होती म्हणे."

मुलीच्या बोटांवरची भुकटी साडीवर उतरत होती, कारण ती बोटं चोळत होती, एकावर एक, एकावर एक. मग तिने विचारलं, "बाहेर पडले, मग वाचले का नाहीत?"

"नदी कुणाला सोडते, ताई."

"आई सांगायची, ते पट्टीचे पोहणारे होते. मला लहानपणापासून वाटायचं, मग बुडाले कसे? कुणाला वाचवायला थांबले असतील, असं मीच मनाशी ठरवलं होतं." ती हसल्यासारखं करून उठली. "मी नऊ वर्षांची होते ना. बरं झालं काका, तुम्ही खरं सांगितलंत. दुसऱ्या कुणी गोड बोलून वाटेला लावलं असतं."

या क्षणी काका तोंड उघडू शकले असते. खंड कुठे आहे ते फक्त त्यांना माहीत होतं आणि तिथवर जायला पाच मिनिटंही लागली नसती. त्यांनी काचेवरून रुमाल फिरवला आणि म्हटलं, "सांभाळून जा."

शनिवारचा सत्कार झकास झाला. मालकांनी ते वाक्य दोनदा वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. बायकोने डोकं दुखतंय म्हणून यायचं टाळलं. समारंभ संपल्यावर गर्दीतून चष्मेवाली पुढे आली आणि तिने काकांच्या हातात एक डबी ठेवली. नवा चष्मा होता. "करून ठेवला होता," ती म्हणाली. "सचिवांना मी काल सांगून आले. बाबांचं नाव नको म्हटलं."

काकांनी चष्मा लावून पाहिला. नंबर अगदी बरोबर होता. एवढं स्वच्छ त्यांना कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं.

मंगळवारी, सतरा तारखेला, धक्क्यावर दगडाचं अनावरण झालं. काका निमंत्रितांमध्ये पहिल्या रांगेत होते. कापड बाजूला झालं आणि चाळीस नावं दिसली. खालची मोकळी ओळ विद्रूप दिसते असं कोरणाऱ्याचं म्हणणं पडलं होतं, म्हणून समितीने तिथे मजकूर घातला होता : 'हा दगड लाँच कंपनीच्या देणगीतून.' कंपनीचे साहेब आले होते. त्यांना हार घातला गेला.

मग सचिवांनी लाँचचालकाच्या मुलीला पुढे बोलावलं. तिनेच वेळ मागून घेतली होती. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीला लागेना, म्हणून तो हातात धरून ती बोलली. "माझ्या वडिलांनी एका बाईला आत सोडून स्वतःचा जीव वाचवायचा प्रयत्न केला. हे मला आत्ताच कळलं. तुमची माणसं त्यांच्यामुळे गेली. तीस वर्षं आम्ही घरात पेपरवर शाई ओतत बसलो. मी घरातर्फे तुमची माफी मागते." ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीने तोंड फिरवलं. कुणीतरी मागून म्हणालं, "उशिरा का होईना, सुचलं." कंपनीच्या साहेबांनी पुढे होऊन तिला उठवलं आणि मोठ्या मनाने तिच्या पाठीवर थोपटलं.

तिची आई आली नव्हती. मुलीने समितीकडे नाव नको म्हटलं त्या दिवसापासून आई तिच्याशी बोलत नव्हती, हे काकांना कुणीतरी शेजारी कुजबुजत सांगितलं.

अठरा तारखेला बातमी पहिल्या पानावर आली, छायाचित्रासह. वाकलेली बाई, मागे दगड, दगडाशेजारी साहेब. मथळा होता : 'लाँचचालकाच्या मुलीने मागितली जाहीर माफी.' दोन दिवसांनी काकांच्या नावे टपालाने एक पाकीट आलं. आत पत्र नव्हतं, त्या बातमीचं कात्रण होतं. मथळ्यातले पहिले दोन शब्द, 'लाँचचालकाच्या मुलीने', शाईने खोडलेले होते, दाबून, कागद फाटेपर्यंत. पाकिटावरचं अक्षर टपोरं होतं. काकांनी ते ओळखलं.

त्यांनी पट्ट्याची किल्ली काढली. सतरा नोव्हेंबरचा खण ओढून पाकीट तीस पत्रांच्या मागे सरकवलं. मग नवा चष्मा नीट बसवला आणि एक कोरं कार्ड पुढ्यात घेतलं. महिनाअखेरीस कपाट दुसऱ्याच्या हाती जायचं होतं आणि त्याआधी कपाट पूर्ण असायला हवं होतं. त्यांनी लिहिलं : 'लाँच दुर्घटनेच्या एकतिसाव्या स्मृतिदिनी चालकाच्या मुलीने मृतांच्या नातेवाइकांची जाहीर माफी मागितली.' खालच्या कोपऱ्यात आपल्याच अंकाचं नाव आणि तारीख घातली.

सवयीने त्यांनी पेन्सिलीचं टोक टेकवत अक्षरं मोजली. दोन ओळी बरोबर भरत होत्या. काही घालायची गरज नव्हती. त्यांनी कार्ड जुन्या कार्डापुढे उभं केलं, खण लावला आणि चहा सांगितला.